पेटी कोणाची?

पुण्यातल्या माझ्या धाकट्या भावाने नुकतीच केबलची कंपनी बदलली आणि जुना सेट टॉप बॉक्स माळ्यावर टाकला. माळ्यावर जाणारी ही त्याची तिसरी पेटी. तिन्ही पेट्या चालू स्थितीत आहेत, पण एका कंपनीची पेटी दुसऱ्या कंपनीला चालत नाही. फोनवर तो तक्रार मात्र करत होता ती दरांची. नेटवर्कचे शुल्क किती आणि नको असलेल्या वाहिन्या गळ्यात का मारतात, एवढ्यावरच त्याचे बोलणे फिरत होते. भारतात केबलविषयीचा वाद गेली अनेक वर्षे याच दोन प्रश्नांभोवती घोटाळतो आहे. पेटी कोणाची असावी आणि तिच्या जागी दुसरे काही जोडता येईल का, हा प्रश्न त्यात क्वचितच येतो. अमेरिकेत तो प्रश्न मला घरातल्या संगणकाने शिकवला.

मी इथे आलो तेव्हा संगणकात टीव्ही ट्यूनर कार्ड बसवण्याचा छंद माझ्यासारख्या अनेकांना होता. भिंतीतून आलेली केबलची वायर थेट कार्डाला जोडली आणि विंडोज मीडिया सेंटर किंवा मिथटीव्ही हे टीव्ही दाखवणारे सॉफ्टवेअर सुरू केले, की संगणकच दूरचित्रवाणी संच होई आणि रेकॉर्डरही. घरी कार्यक्रम रेकॉर्ड करून सवडीने पाहण्यास हरकत नाही, असे इथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये बेटामॅक्स या व्हिडिओ रेकॉर्डरच्या खटल्यात ठरवूनच टाकले होते. केबल डिजिटल होऊ लागली तेव्हा आधी आनंदच झाला. एका ॲनालॉग वाहिनीच्या जागेत आठ-दहा डिजिटल वाहिन्या मावू लागल्या, चित्र स्वच्छ आले, आणि डिजिटल संकेत वाचणारे नवे ट्यूनर कार्ड घेतले की मूलभूत वाहिन्या पेटीवाचून दिसत. कोणती वाहिनी कोणत्या क्रमांकावर आहे हे कंपनी सांगत नसे, म्हणून एक अख्खा रविवार मी एकेक क्रमांक तपासून वहीत लिहीत बसलो होतो. घरच्यांनी त्याला काय म्हटले ते इथे लिहीत नाही.

ऑक्टोबर २०१२ मध्ये इथल्या दूरसंचार नियामक आयोगाने, म्हणजे एफसीसीने, पूर्ण डिजिटल झालेल्या केबल कंपन्यांना मूलभूत वाहिन्यांवरही कुलूप घालण्याची, म्हणजे कंपनीच्या किल्लीवाचून त्या दिसू नयेत असे करण्याची परवानगी दिली. चोरी थांबेल आणि जोडणी चालू-बंद करायला घरोघरी माणूस पाठवावा लागणार नाही, ही त्यामागची कारणे खोटी नव्हती. पण माझी वही रद्दीत गेली. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला मुंबई, दिल्ली आणि इतर महानगरांत ॲनालॉग केबल बंद करण्याची मुदत संपत होती. तिकडचे कारण वेगळे होते: केबलवाला आपले ग्राहक कमी दाखवतो, त्यामुळे वाहिन्यांचे आणि सरकारचे पैसे बुडतात, प्रत्येक घरात पेटी आली की घर मोजता येईल. पेटी मुळात मोजणीसाठी आली होती, हे प्रेक्षकाला कोणी फारसे समजावून सांगितले नाही.

अमेरिकेत निदान कायद्यात एक वाट होती. ग्राहकाला पेटी केबल कंपनीखेरीज इतरांकडूनही घेता यावी, अशी तरतूद १९९६ च्या दूरसंचार कायद्यात आहे, आणि तिच्यातूनच केबलकार्ड आले. मोबाइलमध्ये जसे सिम, तसे टीव्हीसाठी हे कार्ड: कुलपाची किल्ली कंपनीची, यंत्र तुमचे. मी ते मागवले, तेव्हा ते बसवायला आलेल्या तंत्रज्ञाने असे कार्ड पूर्वी पाहिलेलेच नव्हते, आणि ते सुरू व्हायला तीन फेऱ्या लागल्या. पुढे काही वाहिन्यांचे रेकॉर्डिंग ज्या संगणकावर केले त्याच्यावाचून दुसरीकडे चालेना, कारण एकच प्रत घेण्याची खूण त्यात घातलेली होती. २०१५ मध्ये विंडोज १० मधून मीडिया सेंटर गेले आणि सप्टेंबर २०२० मध्ये एफसीसीने केबलकार्डाचे नियमच काढून टाकले. कंपन्यांना नको असलेला हक्क केवळ नियमाच्या आधारावर किती तग धरतो, ते मी असे घरबसल्या पाहिले.

म्हणून अमेरिकेचे अनुकरण करा असे मी म्हणणार नाही. उलट, या बाबतीत भारताकडे अधिक चांगला अनुभव आहे आणि त्याचीच आठवण कोणी काढत नाही. अमेरिकेत मोबाइल हँडसेट वर्षानुवर्षे कंपनीच्या करारात बांधलेले आणि कुलूपबंद मिळत, तेव्हा भारतात माणूस दुकानातून फोन घेई आणि हवे ते सिम घाली. २०११ पासून तर क्रमांक न बदलता कंपनीही बदलता येते. त्या मोकळ्या बाजाराने भारतात मोबाइल सेवा किती स्वस्त केली हे सगळ्यांना ठाऊक आहे. मग तोच न्याय टीव्हीच्या पेटीला का नको? डीटीएचच्या परवान्यात पेटीला दुसऱ्या कंपनीचे कुलूप उघडणारे मॉड्यूल बसेल अशी खाच असण्याची अट सुरुवातीपासून होती. पण बाजारात ते मॉड्यूल सहसा मिळतच नसे, आणि नुसत्या खाचेचा ग्राहकाला काय उपयोग? एप्रिल २०२० मध्ये ट्रायने, म्हणजे भारताच्या दूरसंचार नियामकाने, पेट्या परस्परांना चालतील अशा करण्याची शिफारस केली, तीही डीटीएचच्या आत डीटीएच आणि केबलच्या आत केबल एवढीच. मला ती अपुरी वाटते, तरी तिच्यामागे ग्राहक संघटनांनी दरांइतकाच जोर लावायला हवा होता.

आता सगळे इंटरनेटवरच पाहतात, हा वाद जुना झाला, असे भाऊ म्हणतो. निम्मे खरे आहे. पण त्याच्याकडे आई अजून केबलच पाहते, आणि रिमोटवरचे क्रमांक तिला पाठ आहेत. कंपनी बदलली की तिला ते नव्याने शिकावे लागतात. या वेळी भावाने तिच्यासाठी मोठ्या अक्षरांत यादी लिहून टीव्हीशेजारी चिकटवली आहे.