जुनी मिनी रणगाडा नव्हती

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. वर जुनी मिनी, जुनी फियाट ५०० आणि जुनी बीटल, खाली त्यांच्याच नावाच्या नव्या गाड्या. मजकूर असा: "लोखंड ते लोखंड! जुन्या गाड्या म्हणजे रणगाडे, आताचे पत्र्याचे डबे. त्या पेट्रोल कमी प्यायच्या, कोपऱ्यावरचा मेकॅनिक दुरुस्त करायचा. कंपन्यांनी फक्त त्यांचा चेहरा उचलला आणि फॅशनपायी फुगवून विकला." त्याखाली अंगठ्यांची रांग. त्यातला एक अंगठा माझ्या सख्ख्या भावाचा, म्हणून हे लिहिणं आलं.

लोखंडाचं आधी बघू. १९५९ची मिनी साधारण ६०० किलोची होती, १९५७ची फियाट ५०० तर जेमतेम ५०० किलोची. आजची मिनी तिच्या जवळपास दुप्पट भरते. नुसतं लोखंडच तोलायचं तर पारडं नवीकडे झुकतं. पण "ठोकली तरी पोचा येत नसे" हे ऐकून कान किटलेत. अहो, पोचा आला नाही म्हणजे तो दणका गाडीने गिळला नाही. मग तो गेला कुठे? आत बसलेल्याच्या छातीत. गाडीचं नाक चुरगळू द्यायचं आणि माणसं बसतात ती मधली कोठी शाबूत ठेवायची, ही मर्सिडीजच्या बेला बारेनी यांची कल्पना. ती प्रत्यक्ष गाडीत आली १९५९ साली, म्हणजे मिनीच्याच जन्मवर्षी. मिनीच्या इवल्याशा नाकात चुरगळायला जागाच नव्हती. बीटलची तर पेट्रोलची टाकीच पुढच्या बॉनेटखाली, तुमच्या गुडघ्यांपलीकडे. २००९ मध्ये अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या सुरक्षा संस्थेने १९५९ची शेवरले बेल एअर आणि २००९ची शेवरले मालिबू एकमेकींवर ताशी ६४ किलोमीटरने धडकवल्या. बेल एअर म्हणजे खरोखरचं धूड. तरी तिची कोठी चेपली आणि चालकाच्या जागी बसवलेल्या पुतळ्याची दैना झाली. मालिबूतला पुतळा पायाच्या दुखापतीवर निभावला.

फुगण्याचा आरोप अर्धा खरा आहे. मिनी ३.०५ मीटर लांब होती, २०१४ची तीन दारांची मिनी ३.८२ मीटर. रुंदी १.४१ वरून १.७३ मीटरवर गेली. सदाशिव पेठेत आरसे मिटून गाडी काढणाऱ्याला या ३२ सेंटिमीटरचं मोल मी काय सांगणार! पण दारातल्या आडव्या कांबी, एअरबॅग, चुरगळणारं नाक, धडक बसलेल्या पादचाऱ्याचं डोकं थेट इंजिनावर आदळू नये म्हणून उचललेलं बॉनेट, ही फॅशन नव्हे. उरलेलं फुगणं मात्र फॅशनच. नव्या मिनीत मागे बसून बघा, बाहेरून एवढी वाढली तरी आत गुडघे अडतातच.

आणि मेसेज लिहिणाऱ्याच्या हातून खरी गोष्ट निसटली ती इथेच. मिनीचं कौतुक करायचं ते जागेचं. १९५६च्या सुएझ कालव्याच्या पेचानंतर इंग्लंडात पेट्रोल रेशनवर आलं आणि अ‍ॅलेक इसिगोनिस या इंजिनिअरना छोटी गाडी काढायला सांगितलं गेलं. त्यांनी इंजिन आडवं बसवलं, गिअरबॉक्स त्याच्याच खाली ऑइलच्या चेंबरमध्ये घातला, दोघांना ऑइल एकच. चाकं दहा इंची, चार कोपऱ्यांत ढकललेली. स्प्रिंगांच्या जागी अ‍ॅलेक्स मोल्टन यांचे रबरी कोन. काचा खाली न जाता बाजूला सरकायच्या, त्यामुळे दार पोकळ राहिलं आणि त्यात मोठाले खिसे झाले. गाडीच्या तळाच्या जागेतला ८० टक्के भाग माणसांना आणि सामानाला! वाड्यातल्या दोन खोल्यांत सात माणसांचा संसार मांडणारी आजी मला यात दिसते.

पेट्रोलचा मुद्दा चटकन उरकतो. १९५९च्या चाचणीत ३४ हॉर्सपॉवरच्या मिनीने लिटरला साधारण १४ किलोमीटर दिले आणि ताशी ९७ किलोमीटर गाठायला २७ सेकंद घेतले. आजची दुप्पट वजनाची मिनी आठ सेकंदांत तिथे पोचते आणि पेट्रोल काही जास्त पीत नाही. धुराबद्दल तर बोलायलाच नको.

दुरुस्तीचं मात्र मान्य. पण दुरुस्त करता यायची तशी ती सारखी करावीही लागायची. आमच्या घरच्या जुन्या गाडीचं नाव घेत नाही, तिचे चाहते दारात येतील. खंडाळ्याच्या घाटात बाबा बॉनेट उघडून फ्युएल पंपावर ओलं फडकं ठेवायचे आणि आम्ही कठड्यावर बसून डब्यातल्या पुऱ्या संपवायचो. सुरुवातीच्या मिनीचा डिस्ट्रिब्युटर, म्हणजे स्पार्क प्लगना वीज वाटणारा भाग, थेट पुढच्या जाळीमागे असायचा, पाऊस आला की भिजून गाडी बंद. पुण्याच्या जुलैत ती कितीदा रस्त्यात उभी राहिली असती! बीटलला घाटात पूर्ण गुण: हवेवर थंड होणारं इंजिन, रेडिएटरच नाही, मग पाणी उकळणार कशाचं?

राहिला चेहऱ्याचा आरोप. तो खरा आहे, मेसेजवाल्यांना वाटतो त्याहून जास्त खरा. १९९७ची न्यू बीटल म्हणजे वरून बीटल, आत फोक्सवॅगनचीच दुसरी गाडी, गोल्फ. इंजिन मागचं पुढे आलं, थंड पाण्याने व्हायला लागलं, ताकद पुढच्या चाकांना. इंजिन आडवं आणि गिअरबॉक्स त्याच्या शेजारी, ही गोल्फची मांडणी दान्ते जिआकोसा यांनी १९६४च्या ऑटोबियांकी प्रिमुला या इटालियन गाडीत रूढ केली. जिआकोसा म्हणजे जुन्या फियाट ५००चे जनक! बीटलच्या कातड्याखाली फियाटवाल्याचं डोकं.

आणि त्या जुन्या ५००चा वारस? दोन सिलिंडरचं इंजिन मागे, लांबी ३.१ मीटर, वजन ६०० किलोच्या आसपास, चार माणसं आत. २००८ मध्ये जगाला दाखवलेली, आपल्या पुण्यातल्या टाटांच्या इंजिनिअरांनी घडवलेली नॅनो. २०१४च्या ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत तिला शून्य तारे मिळाले, तेही घराण्याला धरूनच. भावाला तेव्हा मी तीच सुचवली होती. लोक काय म्हणतील म्हणून त्याने मोठी घेतली.