वीस मायक्रोमीटर आणा

रबाळे एमआयडीसीतल्या ज्या वर्कशॉपात मी क्वालिटी बघतो, तिथे गेल्या वर्षापर्यंत सगळं सुखात चाललं होतं. कॉम्प्रेसर सात किलोवर, जॉब (म्हणजे घडवायचा भाग) दोन थाऊ, म्हणजे इंचाचे दोन हजारांश, जास्त, अँगल एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, वाकडा. मग ग्राहकाकडून ऑडिटर आले. जॉबमध्ये खोट सापडेना, म्हणून त्यांनी भिंतीवरचे तक्ते वाचायला घेतले.

"वजनापुढे केजी, तेही कॅपिटलमध्ये? कॅपिटल के म्हणजे केल्विन, कॅपिटल जी म्हणजे गॉस. तुम्ही पाच केल्विन-गॉस माल पाठवता?"

सेंटिग्रेडवर फुली पडली; ते १९४८ सालीच सेल्सिअस झालं म्हणे. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचं मायक्रॉन हे नाव १९६७-६८च्या आंतरराष्ट्रीय परिषदेत रद्द झालं; आता म्हणायचं मायक्रोमीटर. माझ्या जन्माआधी वारलेलं एकक मी रोज राबवत होतो. आणि ती परिषदही नेमकी तेरावी!

मालकांनी लगेच मला एककांचा हवालदार नेमलं. पहिल्याच दिवशी मी लेथवरच्या मामांना म्हटलं, "मामा, अजून वीस मायक्रोमीटर काढा." मामा तीस वर्षं लेथवर आहेत. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि हेल्परला स्टोअरला पिटाळलं. पाच मिनिटांत स्टोअरकीपरचा फोन. "साहेब, वीस कुठले काढू? दोनच आहेत, त्यातला एक कॅलिब्रेशनला गेलाय."

मोजायचं हत्यारही मायक्रोमीटर आणि मोजलं तेही मायक्रोमीटर! ज्यांनी मायक्रॉन रद्द केला त्यांनी एकदा आमच्या स्टोअरला यायला हवं होतं.

खरा घोळ कॉम्प्रेसरवर झाला. 'सात किलो' म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर सात किलोचा भार, हे सगळ्यांना पाठ. मी जुना गेज काढून मेगापास्कलचा बसवला आणि दिवसपाळीला नीट समजावलं. रात्रपाळीला समजावायचं राहिलं. रात्री दोनला फोन, "साहेब, प्रेशर पडलंय! सात असतं, आज काटा पॉइंट सातवर. मशीन बंद केल्या." अंथरुणात उठून बसलो आणि ०.७ मेगापास्कल म्हणजे जवळपास तेच सात किलो, हे अर्धा तास समजावलं. बायकोने कूस बदलून विचारलं, "आपला एसी दीड टनाचाच आहे ना अजून?" तो सव्वापाच किलोवॉटचा आहे, हे मी गिळलं.

यंदा तेच ऑडिटर पुन्हा आले. तक्ते बघून खूश झाले, सही करायला टेबलाशी बसले. टेबल डुगडुगत होतं. ते सहज म्हणाले, "अरे, पायाखाली सूतभर पॅकिंग सरकवा कुणीतरी."

मामा पत्र्याचा तुकडा घेऊन वाकले होते, ते तसेच थांबले.

"साहेब, ३.१७५ मिलिमीटर लावू, की नुसते तीन चालतील?"