पूर येतो, म्हणूनच तिथे बाग हवी

नागपूरच्या बर्डी-धरमपेठच्या पट्ट्यात नाग नदीच्या काठाला बाग करावी असं कुणी नुसतं सुचवलं, की एक मेसेज फिरायला लागतो. मला तो चार ग्रुपवर आला. आशय असा: 'पूर येतो तिथे बाग म्हणजे लोकांचा पैसा पाण्यात. पहिल्याच पुरात सगळं वाहून जाईल. बाहेरदेशाची नक्कल नको. दोन्ही काठांना उंच भिंती घाला, तळ काँक्रीटचा करा, पाणी सुसाट निघून जाईल. उरलेली जागा बाजाराला, पार्किंगला द्या. तसाही 2023 सारखा पूर शंभर वर्षांतून एकदाच येतो.'

लिहिणाऱ्याची काळजी खरी असेल. पण ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांनाच हा सल्ला महागात पडेल, म्हणून उत्तर देतो.

'सगळं वाहून जाईल.' 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे काय वाहून गेलं ते आठवा. आदल्या दिवशी घरोघरी महालक्ष्म्यांचं जेवण झालेलं. रात्री चारेक तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीपासून बर्डीपर्यंत पाणी पसरलं. माणसं गेली. हजारो घरांत चिखल झाला. माझी मावशी तळमजल्यावर राहते. तिच्या घरातला फ्रिज आडवा तरंगत होता, आणि महालक्ष्म्यांचे मुखवटे ती डोक्यावर धरून जिन्यात बसली होती. पाणी त्या जागेवर येणारच होतं, ती जागा मुळात नदीचीच. तिथे हिरवळ, पायवाट आणि दगडी बाक असते, तर दुसऱ्या दिवशी गाळ काढायला माणसं लावली असती. मावशीचा संसार काढावा लागला नसता. पुरात बुडणारी बाग फसली असं म्हणायचं कारण नाही, ती बुडण्यासाठीच करायची असते. फक्त तिथे काय ठेवायचं ते ठरवून ठेवायचं: खोल मुळांची झाडं, जड बाक, आणि विजेची पेटी पूररेषेच्या वर.

'भिंती घाला.' हा मुद्दा मला सगळ्यात धोक्याचा वाटतो, कारण तो ऐकायला सगळ्यात शहाणा वाटतो. मावशीच्या घरी पाणी आधी दारातून आलं नाही. न्हाणीच्या मोरीतून वर आलं. नदीची पातळी चढली की तिला मिळणाऱ्या गटारी आणि पावसाळी नाल्या उलट्या वाहू लागतात. तोंडांना झडपा बसवून हे उलटं पाणी अडवता येतं, पण त्या बंद झाल्या की वस्तीत पडणारा पाऊस नदीत जाणार कुठून? तो भिंतीच्या आत तुंबतो, आणि मग सगळी मदार पंपांवर. रात्री तीनला, वीज गेलेली असताना, ते पंप चालतील या भरवशावर लोकांना झोपायला सांगायचं का?

काँक्रीटच्या तळाचंही तसंच. पाणी त्यावरून वेगाने धावतं हे खरं, पण पुढचा पूल तेवढाच अरुंद राहतो. वेगाने आलेलं पाणी तिथे फुगतं आणि मागे सरकतं. तिथून सुटलं तरी ते नंदनवन-पारडीकडे आधीपेक्षा लवकर आणि एकदम पोचतं. आपला पूर पूर्व नागपूरला पाठवणं याला उपाय म्हणवत नाही.

'बाजार करा.' नदीच्या दोन पूररेषा असतात: निळी साधारण 25 वर्षांतल्या पुराची, लाल 100 वर्षांतल्या पुराची. निळ्या रेषेच्या आतली जागा मोकळीच ठेवायची असते, तिथे बाग किंवा मैदान चालतं, गाळे चालत नाहीत.

'शंभर वर्षांतून एकदा.' याचा अर्थ दर वर्षी शंभरात एक शक्यता, आज येऊन गेला तरी पुढच्या वर्षी तेवढीच. तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात तो एकदा तरी येण्याची शक्यता जवळपास चारात एक होते. आणि मोवाड आपल्याच जिल्ह्यातलं. 30 जुलै 1991 ला वर्धा नदीच्या पुरात तिथे दोनशेच्या वर माणसं गेली. त्या गावाला कुणी शंभर वर्षांचा हिशेब सांगू शकेल का?

'बाहेरदेशाची नक्कल.' अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात सोल्जर्स ग्रोव्ह नावाचं जेमतेम सहाशे वस्तीचं गाव आहे. किकापू नदी त्याचा बाजार वारंवार बुडवायची. काठाला पूर अडवणारा बांध घालायचा प्रस्ताव आला, पण त्याचा खर्च वाचणाऱ्या मालमत्तेपेक्षा जास्त निघाला. 1978 च्या पुरानंतर गावाने बाजारपेठ उंचावर हलवली आणि जुन्या जागेवर नदीकाठची बाग केली. 2007 आणि 2008 च्या पुरांत त्याच नदीवरचं गेज मिल्स दोन्ही वेळा बुडालं. सोल्जर्स ग्रोव्हची बाग पाण्याखाली गेली, दुकानं कोरडी राहिली. सिंगापूरने तर बिशानमधला 2.7 किलोमीटरचा काँक्रीटचा कालवा फोडून 3.2 किलोमीटरची वळणदार नदी केली, 2012 मध्ये. तिथला पाऊस आपल्यापेक्षा जोरदार. ज्यांनी आधी काँक्रीट केलं तेच ते फोडतात, हे तरी आपण बघून ठेवावं.

आता मेसेजमध्ये नसलेलं, पण मला मान्य असलेलं. एकटी बाग पूर थांबवणार नाही. एक हेक्टर जागा एक मीटर खोल केली तर एक कोटी लिटर पाणी मावतं, आणि एका चौरस किलोमीटरवर पडलेला शंभर मिलिमीटर पाऊस दहा कोटी लिटर होतो. म्हणून तलावाचा सांडवा मोकळा हवा, पुलांच्या कमानी रुंद हव्यात, वरच्या वस्त्यांत पाणी मुरायला जागा हवी. सांडपाणी तसंच वाहत राहिलं तर त्या काठावर कुणी बसणारही नाही. सुमारे 1,927 कोटींची नाग नदी शुद्धीकरण योजना मंजूर आहे, ती आधी किंवा सोबत व्हायला हवी.

आणि 'रिव्हरफ्रंट' म्हटलं की अहमदाबादची साबरमती डोळ्यापुढे येते: दोन्हीकडे भिंती, पात्र एकसारखं 263 मीटर रुंद, काठावर भर घालून काढलेली जमीन. नाग नदीला तसलं काही नको. इथली बाग रस्त्यापेक्षा खाली हवी, उतरणीची, नदीला हात पसरता येईल अशी. नकाशात तिचं जोतं रस्त्याच्या वर दिसलं किंवा मुरूम टाकून पात्र आवळलेलं दिसलं, तर विरोधाच्या निवेदनावर पहिली सही माझी असेल.