वाकडा टाका आणि कच्ची शिवण

आपल्याकडे गोधडीवर किंवा भरतकामावर वाद निघाला की दोन तट पडतात. एकाला टाका मशीनसारखा हवा. ‘अगदी मशीनवरचं वाटतं हो’ ही त्याची शाबासकी. दुसऱ्याला प्रत्येक वाकड्या टाक्यात जिव्हाळा दिसतो. मग त्याच्या मदतीला जपानचं वाबी-साबी, म्हणजे अपुरेपणातलं सौंदर्य, येतं, आणि अमेरिकेतले साधेपणाने राहणारे आमिश पंथाचे लोक रजईत मुद्दाम एक चूक ठेवतात ही गोष्टही येते. अमेरिकेत राहून या दुसऱ्या तटाची वकिली करणं सोपं वाटेल, कारण क्रेझी क्विल्ट, म्हणजे वेड्यावाकड्या तुकड्यांची भरतकाम केलेली रजई, बहरला इथेच. पण आमिशांची ती गोष्ट अभ्यासकांनी केव्हाच दंतकथेत जमा केली आहे, आणि क्रेझी क्विल्टही जवळून पाहिला तर या तटाला फारसा हात देत नाही.

1876 साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनातल्या जपानी विभागाने अमेरिकेला भुरळ घातली. पुढच्या दशकात रेशीम-मखमलीचे आडवेतिडवे तुकडे जोडून त्यांवर भरतकाम करायची, म्हणजेच क्रेझी क्विल्टची, लाट आली. गंमत म्हणजे हा वेडेपणा तेव्हाही विकत मिळायचा: रेशमी तुकड्यांची पाकिटं टपालाने यायची, आणि आयती भरलेली नक्षीही.

वरून सगळं वेडंवाकडं, खाली मात्र बांधणी काटेकोर. 12 इंची चौकोन हवा असेल तर धुऊन आटवलेलं सुती अस्तर 14 इंची कापतात, कारण भरताना कापड आखडतं. मधोमध न ठेवता जरा बाजूला एक पाच कोनी तुकडा टाचायचा. दुसरा त्यावर पालथा ठेवून काठापासून पाव इंचावर शिवायचा, उलटवून इस्त्री करायची, जादा कापड छाटायचं, आणि असंच कडेपर्यंत जायचं. मध्येच आत वळलेली खाच राहिली की पुढचा तुकडा सरळ शिवणीने बसतच नाही. तिथे दोन लहान तुकडे आधी एकमेकांना जोडून घ्यावेत. मखमल टाचण्या लावूनही सरकते, म्हणून तिला आधी हाताने कच्चा टाका घालावा. तिची इस्त्री उलट बाजूने, खाली टर्किश टॉवेल घालून. नाहीतर लव बसते ती बसतेच.

मग प्रत्येक शिवणीवर भरतकामाचे टाके: फांद्या फुटल्यासारखा फेदर, तिरक्या फुल्यांचा हेरिंगबोन, काजाचा टाका. सहा पदरी दोऱ्यातले दोन-तीन पदर घ्यायचे, दीड फुटाहून लांब नको; दोरा झिजतो, पीळ पडतो. वाकडेपणाला खरी जागा इथे आहे. फेदर टाक्याच्या फांद्या 5, 6, 5, 7 मिलिमीटर अशा पडल्या तर नजर आपोआप त्यांची सरासरी काढते. खटकतो तो एकसारख्या ओळीतला एकटा वेगळा. त्याला उसवत बसण्यापेक्षा त्यावर मणी किंवा गाठीचा टाका बसवावा.

दोरा ताणून ओढल्यामुळे पडलेल्या चुण्यांना मात्र अशी माफी नाही, त्या इस्त्रीने जात नाहीत. सेंटिमीटरहून लांब मोकळा दोरा बांगडीत अडकतो. सुटणाऱ्या रेशमाला पाव इंचाहून कमी माया सोडली तर शिवण निसटते. याला हातचं काम म्हणून गोंजारू नये. आणि काही वेळा दोष हाताचा नसतोच: त्या काळचे व्यापारी रेशमाचं घटलेलं वजन भरून काढायला त्याला धातूंचे क्षार पाजत. जुन्या क्विल्टांत ते रेशीम आपोआप तडकतं आणि टाके शाबूत राहतात.

गोधडीला ‘देशी क्रेझी क्विल्ट’ म्हणणंही मला पटत नाही. क्रेझी क्विल्टच्या थरांमध्ये बहुधा कापसाचं वगैरे भरणच नसतं, तो दिवाणखान्यात मिरवायचा आणि धुवायचा नाही. आपली वाकळ अंगावर घ्यायची, आपटून धुवायची. तिच्यात धावदोऱ्याची लांबी कमीजास्त झाली तर बिघडत नाही. ओळींमधलं अंतर वाढलं की आतले थर सरकून गोळे होतात. म्हणजे दोन्हीकडे परीक्षा वेगळी.

इकडच्या मराठी घरांतून हल्ली आजीच्या साड्यांचा क्विल्ट करून मागवतात, तेव्हा हाच घोळ होतो. फोटोत ‘फिनिशिंग’ तपासलं जातं, पण जुनी पैठणी घडीवर विरलेली आहे का, हे कुणी विचारत नाही. विरलेला भाग टाळून कापावं, मागे पातळ मलमल लावावी, आणि जरीचा काठ घासला जाईल अशा कडेला तो ठेवू नये.

भावही लांबीरुंदीवर ठरतो, तो चुकीचा. दहा तुकड्यांच्या 12 इंची चौकोनात भरायच्या शिवणी साधारण चार-पाच फूट होतात. असे वीस चौकोन म्हणजे ऐंशी ते शंभर फूट भरतकाम. तुकडे निम्म्या आकाराचे केले तर क्विल्टचं माप तेच राहतं, काम मात्र कितीतरी वाढतं. शिवणारीने दर फुटावर सांगावा, आणि मागवणाऱ्याने घासाघीस करायचीच असेल तर तुकडे मोठे घ्यायला सांगून करावी.