हेडसेट लावा, श्रवणयंत्र काढा? जरा थांबा

सध्या एक मजकूर जोरात फिरतोय: ‘ऐकू कमी येतं? व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर लावून आभासी जग दाखवणारं उपकरण) लावून रोज आवाज पकडायचा खेळ खेळा. कुठलाही हेडफोन चालतो. आवाज कुठून आला हे मेंदू पुन्हा शिकतो, श्रवणयंत्राची गरजच उरत नाही.’ यातलं निम्मं खरं आहे, म्हणून उरलेलंही खपून जातंय.

मेंदू शिकतो, मोठेपणीही शिकतो, याबद्दल वाद नाही. 1998 साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी नीट ऐकू येणाऱ्या प्रौढांच्या कानांच्या वळ्यांत साचे बसवले. आवाज वरून येतोय की खालून, हे त्यांना कळेनासं झालं. काही आठवड्यांत पुन्हा जमू लागलं. पुढे एक कान बंद केलेल्या माणसांवर व्हीआरमध्येही प्रयोग झाला. आवाजाची जागा नुसती तोंडाने सांगणाऱ्यांपेक्षा तिथवर हात नेणाऱ्यांची प्रगती जास्त झाली.

पण या सगळ्यांचे कान मुळात शाबूत होते! उजवीकडचा आवाज डाव्या कानाला फार तर सेकंदाच्या दीड हजाराव्या भागाइतका उशिरा पोचतो; उंच पट्टीचा असेल तर मध्ये डोकं आड आल्याने क्षीणही होतो. डावं-उजवं मेंदू यावरून ठरवतो. वर-खाली आणि पुढे-मागे कळतं ते कानाच्या वळ्यांमुळे उंच पट्टीत होणाऱ्या बदलांवरून, आणि वयामुळे किंवा गोंगाटामुळे ऐकू कमी होतं तेव्हा बहुधा आधी हीच पट्टी जाते. आडातच नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? श्रवणयंत्र काढून सराव करणं म्हणजे उरलासुरला कच्चा मालही काढून घेणं.

‘कुठलाही हेडफोन चालतो’ हे तर वापरणाऱ्याने लिहिलेलंच दिसत नाही. कानामागच्या यंत्राचा माइक कानाच्या वर-मागे असतो. त्यावर हेडफोन दाबून बसवला की कधी यंत्र शिट्टी मारतं, कधी आवाज माइकपर्यंत धड पोचत नाही. शिवाय खेळातली दिशा सहसा कुठल्या तरी सरासरी डोक्या-कानाच्या मापावर बेतलेली असते, त्यामुळे समोरचा आवाज मागून आल्यासारखा वाटू शकतो. कॉक्लिअर इम्प्लांटची, म्हणजे शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवून श्रवणतंतूला विजेचे संकेत देणाऱ्या यंत्राची, गोष्ट आणखी निराळी. त्यात वेळेचा तो सूक्ष्म फरक जवळपास हरवतो, भिस्त राहते दोन कानांतल्या आवाजाच्या कमी-जास्तपणावर. ब्रिटनमध्ये दोन्ही कानांत इम्प्लांट असलेल्या मुलांसाठी ‘बेअर्स’ प्रकल्पात व्हीआर खेळ बनवले गेले. तिथेही खेळ इम्प्लांटच्या जोडीला आहेत, बदली म्हणून नाहीत.

राहिला खेळातला स्कोअर. तो वाढला म्हणजे ऐकणं सुधारलंच असं नाही. पडद्यावर पक्षी दिसतोय आणि आवाजही तिथूनच येतोय, तर जागा डोळ्यांनी ओळखली की कानांनी? ठरावीक जागा पाठ झाल्या तरी गुण वाढतात. फरक पाहायचा तर सरावाच्या आधी आणि नंतर, डोळे झाकून, खऱ्या स्पीकरवर, खेळात नसलेल्या आवाजांनी चाचणी हवी. ती ऑडिओलॉजिस्टकडून (श्रवणतज्ज्ञाकडून) करून घ्या आणि सराव यंत्र लावूनच करा.

एक गोष्ट मात्र हा मजकूर पुढे ढकलणाऱ्यांना आवर्जून कळवा. एका कानाने अचानक, दोन-तीन दिवसांत, ऐकू येईनासं झालं तर ती तातडीची बाब असते. स्टेरॉइडचे उपचार लवकर सुरू झाले तरच त्यांच्याकडून काही आशा असते. अशा वेळी खेळ डाउनलोड करत बसू नका, त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना गाठा.