सरसकट ‘शंभर टक्के’ नाही

भारतातल्या परदेशी गुंतवणुकीबद्दल एका लेखात ‘रिटेल परदेशी कंपन्यांना पूर्ण खुलं’ असं म्हटलंय, ते अर्धंच खरं. एकाच ब्रँडच्या दुकानाला २०१८ पासून सरकारी मंजुरीशिवाय १०० टक्के गुंतवणूक चालते. पण परदेशी हिस्सा ५१ टक्क्यांवर गेला की ३० टक्के खरेदी भारतातून करावी लागते, आणि घोडं अडतं ते तिथेच. २०१९ पासून निर्यातीसाठी इथून उचललेला मालही त्यात धरतात, म्हणून जरा सोपं झालं. मल्टिब्रँडला, म्हणजे अनेक ब्रँड विकणाऱ्या दुकानाला, मर्यादा ५१ टक्केच, वर किमान १० कोटी डॉलरची गुंतवणूक आणि राज्याची संमती. गंमत खाद्यपदार्थांची: भारतात बनलेले विकायचे तर मंजुरी घेऊन १०० टक्के, पण बिस्किटांशेजारी साबणाची वडी ठेवायची नाही!