‘साहेब, दुकानदार किती टक्के देतो?’

खाऱ्या पाण्याचा पहिला रीफ टँक, म्हणजे मासे आणि प्रवाळ ठेवायची काचेची टाकी, घेताना निदान २०० लिटरचा घ्या, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर एका वाचकांनी बिननावाने खरमरीत प्रतिक्रिया दिली आहे. त्यांचं म्हणणं असं: नवशिक्यांना मी उगाच घाबरवतो. त्यांचा ५० लिटरचा टँक, मालवणहून आणलेला ‘दगड’ घालून, दोन वर्षं मस्त चाललाय. चिलरच्या (टाकीचं पाणी थंड ठेवणाऱ्या यंत्राच्या) विजेबद्दल मी चकार शब्द काढलेला नाही. आणि शेवटी, ‘साहेब, दुकानदार किती टक्के देतो?’

शेवटच्या प्रश्नापासूनच सुरुवात करतो. एक पैसा देत नाही. दुकानदार मला ओळखतात ते कटकटं गिऱ्हाईक म्हणून. माझी पहिली टाकी मी क्रॉफर्ड मार्केटहून टॅक्सीत मांडीवर धरून आणली. टाकीचं पाणी खारं करायचं चांगलं सॉल्ट मिळवायला तेव्हा ओळखी काढाव्या लागत. काचा सिलिकॉनने चिकटवण्यापासून सगळं हातांनी केलंय, त्यामुळे दलालीचं मला कोणी सांगू नये. आणि दलालीच करायची असती तर लेख उलटा लिहिला असता ना! माझ्या पाहण्यात नवशिक्याच्या गळ्यात पटकन मारला जातो तो नॅनो टँक, म्हणजे असली छोटी टाकी. आतले मासे गेले की तेच गिऱ्हाईक पुन्हा दारात हजर.

शिवाय ते ‘साहेब’. टोमणा मारायचाच तर निदान नाव लिहून मारावा. असो.

२०० लिटर का, ते लेखात होतं. तुम्ही तिथवर पोचला नसाल. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. ५० लिटरच्या टाकीत दगड आणि वाळू टाकल्यावर खरं पाणी उरतं चाळीसेक लिटर. मे महिन्यात वर पंखा लावलेला असताना त्यातलं दोन लिटर उडालं, की ३५ची सॅलिनिटी (हजार भाग पाण्यात किती भाग मीठ, तो आकडा) ३७च्या घरात जाते. मोठ्या टाकीचा पृष्ठभाग मोठा, तिथे जास्त उडतं, हे मलाही कळतं. पण २०० लिटरच्या टाकीत खरं पाणी उरतं १६० लिटर, त्यातलं चार लिटर गेलं तरी आकडा ३६च्या आतच राहतो. दुसरं, दगडामागे एक टर्बो गोगलगाय (शेवाळ खायला सोडलेली) मरून कुजली तर पाणी बिघडतं; मोठ्या पाण्यात वास येईपर्यंत तरी सवड मिळते. चाळीस लिटरमध्ये सकाळी उठावं तर झोअँथिड (फुलांसारखे दिसणारे प्रवाळांचे भाऊबंद) मिटलेले आणि क्लाउनफिश वर येऊन धापा टाकतोय. मुरलेला माणूस रोज रिफ्रॅक्टोमीटरच्या (सॅलिनिटी मोजायच्या दुर्बिणीसारख्या नळीच्या) काचेवर दोन थेंब टाकून उजेडाकडे डोळा लावतो, निळं-पांढरं कुठे मिळतंय ते बघतो आणि उडालेल्या पाण्याच्या जागी आरओचं गोडं पाणी घालतो. नवशिक्या तेच पहिल्या आठवड्यात विसरतो, वर ही भर घालतानाही खारं पाणी ओततो. मी त्याच्यासाठी लिहितो, तुमच्यासाठी नाही.

छोट्या टाकीचं पाणी बदलायला एक बादली पुरते, हे मात्र मान्य. शंभर टक्के मान्य.

विजेचं म्हणाल तर वीज फ्रिजलाही लागते. तो लेखाचा विषय नव्हता. टाकीचं वजन जमिनीला पेलेल का, हे ज्याने त्याने आपल्या घरात बघावं.

आता त्या ‘दगडा’बद्दल. कठीण प्रवाळ २००१पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. म्हणजे वाघाला जे संरक्षण, तेच त्यांना. मालवणला तर १९८७पासून सागरी अभयारण्य आहे. तुमचा दगड साधा खडक असेलही, मी काही बघायला आलेलो नाही. पण लोकांच्या टक्केवारीची चौकशी करण्याआधी तो कुठून उचलला, ते आठवून बघा. साधा खडक असला तरी किनाऱ्यावरून उचललेल्या दगडात काय-काय दडून येतं, हे तुमच्यासारख्या दोन वर्षांच्या अनुभवी माणसाला मी काय सांगावं?

तरीही टँक खरंच मस्त चाललाय म्हणता, तर मला आनंदच आहे. पाण्यातलं नायट्रेट (साचलेल्या घाणीची खूण), अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पेलायची ताकद) आणि दुपारी तीनचं तापमान, एवढे आकडे इथेच टाका. सोबत फोटोही टाका, फक्त निळा दिवा बंद करून काढलेला; त्या उजेडात काहीही झळाळतं.